अंगाला रोज लागते किती?

जूनची पहिली तारीख उजाडली की रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत रायगडच्या किनाऱ्यावरच्या यांत्रिक होड्या वर ओढून घेतल्या जातात. ३१ जुलैपर्यंत त्यांना मासेमारीची बंदी असते. ह्या दोन महिन्यांत कोळीवाड्यात जाळी दुरुस्त होतात, होडीला रंग चढतो, इंजिन उघडून पुन्हा बसवलं जातं. काम अजिबात नसतं असं नाही. पण अपरात्री उठून समुद्रावर जाण्याचं आणि ओलं, जड जाळं हातांनी खेचण्याचं काम थांबलेलं असतं. नेमक्या त्याच दिवसांत, थोडं आत गेलं की भातखाचरांत वर्षातलं सगळ्यांत कष्टाचं काम चालू असतं. चिखलणी व्हायची, मग लावणी. दिवसभर कमरेत वाकून, पाय चिखलात, डोक्यावर पाऊस. म्हणजे एकाच तालुक्यात, एकाच पावसात, एका माणसाच्या अंगाला लागणारं अन्न कमी झालेलं असतं आणि दुसऱ्याचं वाढलेलं. ताट मात्र दोघांचंही बहुधा तेच असतं: तांदळाची भाकरी, भात आणि सुकटीचं नाहीतर वालाचं कालवण.

तेव्हा ‘वजन उतरवायचं आहे, रोज किती खावं?’ असं कुणी विचारलं तर पहिल्यांदा त्यालाच विचारावं लागतं, की बाबा, तू करतोस काय आणि हा महिना कोणता? त्यानंतर एक आकडा सांगता येतो. तो कसा काढायचा हे इथे सांगायचं आहे. पण एवढं आधीच ध्यानात असू द्या, की असा काढलेला आकडा हा अंदाज असतो. त्याला पक्कं करायचं काम तुमच्या घरातल्या वजनकाट्याचं. कागदावरचा आकडा आणि काटा ह्यांत भांडण झालं, तर न्याय काट्याच्या बाजूने द्यावा.

अन्नाची ताकद ज्या मापाने मोजतात त्याला आपण कॅलरी म्हणतो. मराठीत उष्मांक हा शब्द जुना आणि चांगला आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढी म्हणजे एक उष्मांक. शास्त्राच्या पुस्तकांत ह्यालाच किलोकॅलरी म्हणतात, आणि बिस्किटाच्या पुड्यावर कधी कधी किलोज्यूल लिहिलेले असतात, त्यांना सुमारे ४.२ ने भागलं की उष्मांक निघतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने निरनिराळी अन्नं आणि माणसं दोन्ही तपासून जे कोष्टक बसवलं ते आजही चालतं: पिष्टमय पदार्थांच्या एका ग्रॅमला चार उष्मांक, प्रथिनांच्या एका ग्रॅमला चार, आणि तेल, तूप, लोणी अशा स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमला नऊ. मद्यार्काच्या एका ग्रॅमला सात. (माडीला हिशेबातून वगळणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा दोनदा वाचावा.)

ही झाली जमेची बाजू. आता खर्चाची. आपण काहीच करत नाही, निजून आहोत, तरी हृदय चालू असतं, श्वास चालू असतो, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं आपापली कामं करीत असतात. ह्याला जो खर्च येतो त्याला मूलभूत खर्च म्हणू या. बैठं काम करणाऱ्याच्या दिवसभराच्या खर्चात दोन तृतीयांशाहून थोडा अधिक वाटा ह्याचाच असतो. खाल्लेलं पचवायलाही काही उष्मांक लागतात, ते सुमारे दहावा हिस्सा. उरलेलं सगळं हालचालीवर. मूलभूत खर्च माणसाच्या आकारमानावर अवलंबून असतो आणि त्यात आपली मर्जी फारशी चालत नाही. खरा फरक पडतो तो हालचालीच्या खर्चात. तिथे एका माणसाचा आणि दुसऱ्याचा खर्च हजार-दीड हजार उष्मांकांनीही वेगळा असू शकतो.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद ह्यांनी २०२० साली आपल्या देशातल्या माणसांसाठी गरजेचे आकडे नव्याने प्रसिद्ध केले. ६५ किलो वजनाचा पुरुष नमुन्यादाखल घेतला, तर बैठ्या कामाला त्याला रोज २११० उष्मांक, मध्यम कष्टाला २७१० आणि अतिकष्टाला ३४७० लागतात. ५५ किलोच्या स्त्रीला अनुक्रमे १६६०, २१३० आणि २७२०. ह्यामागचं गणित साधं आहे. पुरुषाचा मूलभूत खर्च सुमारे १५०० आणि स्त्रीचा ११८५ धरायचा. त्याला बैठ्या कामासाठी १.४ ने, मध्यमासाठी १.८ ने आणि अतिकष्टासाठी २.३ ने गुणायचं. ह्याच संस्थेने दहा वर्षांपूर्वी, २०१० साली, बैठ्या स्त्रीला १९०० उष्मांक सांगितले होते, तेही त्याच ५५ किलोच्या स्त्रीला. मोजमापं सुधारली आणि आकडा दोनशे-अडीचशेने खाली आला. जुन्या पुस्तकातला, कॅलेंडरामागचा किंवा दवाखान्यातल्या भिंतीवरचा तक्ता वापरताना तो कोणत्या साली छापला हे बघायचं ते ह्यासाठी.

आता बैठं काम कोणतं आणि मध्यम कोणतं? इथे बहुतेकांची गफलत होते, कारण आपण स्वतःला नेहमी एक पायरी वर चढवतो. ‘दिवसभर पायाला उसंत नसते’ असं सगळेच म्हणतात. पण गेल्या दोन पिढ्यांत ह्या किनाऱ्यावर श्रमाचं काय झालं ते पाहा. अष्टागरातल्या वाड्यांना एके काळी रहाटाने पाणी चढत होतं, आज बटण दाबलं की पंप चढवतो. पाट्यावर वाटलं जाणारं नारळाचं वाटण मिक्सरमध्ये दोन मिनिटांत होतं. टोपली डोक्यावर घेऊन चालत बाजार गाठणारी कोळीण आता रिक्षात नाहीतर टेम्पोत बसते, आणि बसावंच. त्या टोपलीने किती बायांच्या मानेची हाडं झिजवली! तिचे कष्ट कमी झाले ही चांगलीच गोष्ट आहे. मांडव्याहून २०२० पासून मोटारीसकट भाऊच्या धक्क्याला जाता येतं. पनवेल-उरणच्या बाजूला कचेरीत, गोदामात, गाडीच्या चाकामागे दिवस काढणारे हजारो लोक आहेत. ह्या सगळ्यांना दमायला होतं, पण थकवा आणि श्रम ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसभर गाडी चालवून अंग आंबतं. उष्मांकांच्या वहीत मात्र ते बैठंच काम. ज्याच्या कामात रोज कित्येक तास चालणं, उचलणं, वाकणं, खणणं आहे त्यानेच १.८ चा आकडा घ्यावा. बाकीच्यांनी, मान्य करायला जड गेलं तरी, १.४ घ्यावा.

ह्यावर एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे, कारण ती आपल्या मराठी माणसांची आहे आणि आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी जाते. उष्मांकांची मोजदाद आपल्या देशात लठ्ठपणासाठी सुरू झालीच नाही. ती उपासमारीसाठी सुरू झाली. आजची राष्ट्रीय पोषण संस्थाच मुळी १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरी ह्या रोगाच्या चौकशीतून जन्मली. १९५८ साली ती हैदराबादला आली. पुढे १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ ह्यांनी भारतातल्या दारिद्र्यावर जो गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात माणशी रोज २२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ज्याला करता येत नाही तो दरिद्री, अशी रेघ आखली. त्या रेघेला हरकत घेतली डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांनी. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, मोठे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी अनेक वर्षं संख्याशास्त्र विभागाचं काम पाहिलं. त्यांचं म्हणणं असं, की हा आकडा सरासरीचा आहे. सरासरी म्हणजे प्रत्येकाची किमान गरज नव्हे. एकाच वयाच्या, एकाच वजनाच्या, तेच काम करणाऱ्या दोन माणसांची गरज वेगळी असते. इतकंच नव्हे, एकाच माणसाचं खाणं आणि खर्च आठवड्या-आठवड्याला खालीवर होतात आणि शरीर ठरावीक मर्यादेत ते सांभाळून घेतं. तेव्हा सरासरीच्या खाली जो दिसला तो उपाशी, असं म्हणता येणार नाही.

दांडेकरांना हे पटलं नाही, आणि हा वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. विरोधकांचा आक्षेप वजनदार होता. शरीर कमी अन्नाला जुळवून घेतं हे खरं, पण कशाच्या मोलाने? मुलांची वाढ खुंटते, मोठ्यांचं काम कमी होतं. डॉ. गोपालन ह्यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांनी ‘लहान पण निरोगी’ ह्या कल्पनेवर कडक टीका केली. माझ्या मते भुकेल्यांच्या बाबतीत विरोधकांची बाजूच अधिक सावध आणि म्हणून अधिक योग्य होती. गरिबाच्या ताटाचं माप घेताना चूक व्हायची तर ती जास्त वाढण्याची व्हावी. पण सुखात्म्यांचा जो मूळ मुद्दा, सरासरी ही कुणा एकाची गरज नसते, तो वजन उतरवू पाहणाऱ्याने मात्र गाठीला बांधून ठेवावा. सरकारी तक्ता गावाला किती धान्य लागेल हे सांगायला उत्तम. शंभर जणांचं जेवण काढायचं तर तो तुम्हांला फसवणार नाही. तुमच्या एकट्याच्या बाबतीत तो दोनशे-तीनशेने इकडे किंवा तिकडे चुकू शकतो. आणि गंमत अशी की वजन उतरवण्यासाठी जेवढी कपात करायची ती तरी केवढी? साधारण तेवढीच! म्हणजे तक्त्यावर डोळे मिटून विसंबलात तर सहा महिने अर्धपोटी राहूनही काटा जागचा हलणार नाही, आणि दोष तुमच्या निश्चयाला दिला जाईल.

वजन, उंची आणि वय घेऊन अंदाज जरा जवळ आणता येतो. १९९० साली अमेरिकेत मिफ्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे पाचशे माणसांच्या मोजमापांवरून एक सूत्र दिलं, ते आज पुष्कळ ठिकाणी वापरतात. किलोतलं वजन गुणिले १०, त्यात सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५ मिळवायची, त्यातून वय गुणिले ५ वजा करायचं. पुरुष असेल तर वर ५ मिळवायचे, स्त्री असेल तर १६१ वजा करायचे. समजा, मुरुडची एक बाई आहे. वय ४२, वजन ६८ किलो, उंची १५५ सेंटिमीटर, दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर बसते. वजनाचे ६८०, उंचीचे ९६९, मिळून १६४९. वयाचे २१० गेले, राहिले १४३९. त्यातून १६१ गेले, राहिले १२७८. हा मूलभूत खर्च. त्याला १.४ ने गुणलं की सुमारे १७९०.

पण हे सूत्र अमेरिकन शरीरांवरून बसवलेलं आहे. पाश्चात्त्य मोजमापांवरून केलेले अंदाज आपल्या लोकांना काहीसे जास्त पडतात हे आपल्याकडच्या तज्ज्ञांना फार पूर्वी आढळलं होतं. २०१० च्या आकड्यांत त्यांनी त्यासाठी जागतिक सूत्रातून पाच टक्के कमी केले होते. ह्यातलं एक कारण शरीराच्या घडणीत आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी २००४ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापलं. त्यात ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन शेजारी-शेजारी उभे. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. पण चरबी मोजली तर इंग्रजाच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराच्या अंगात २१.२ टक्के! चरबीला सांभाळायला स्नायूंपेक्षा कमी उष्मांक लागतात. तेव्हा त्याच वजनाच्या दोन माणसांत ज्याचे स्नायू कमी त्याची गरजही कमी. आपल्याकडे म्हणूनच वजनाची धोक्याची रेघही खाली आखली आहे: मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने वजनाला भागून येणारा आकडा २३ च्या पुढे गेला की वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा, आणि कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटर, स्त्रीचा ८० सेंटिमीटर ह्याच्या आत असावा. अंगाने बारीक, पण पोट सुटलेलं, अशा माणसाने ‘मी कुठे जाड आहे’ असं म्हणून सुटका करून घेऊ नये. मधुमेहाची वाट पोटावरूनच जाते.

तेव्हा मुरुडच्या बाईंसाठी १७९० ऐवजी १७०० धरू या. हा झाला पहिला अंदाज. आता काट्याकडे वळू.

तीन आठवडे नेहमीसारखं खायचं. कमी नाही, जास्त नाही, पाहुणचारही टाळायचा नाही. खाल्लेलं सगळं वहीत लिहायचं, आणि रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर वजन घ्यायचं. एका दिवसाच्या वजनाला किंमत देऊ नका. आदल्या रात्री सुके बोंबील किंवा खारवलेली मासळी खाल्लेली असली तर मिठाबरोबर अंगात पाणी थांबतं आणि सकाळी काटा किलोभर वर गेलेला दिसतो. ते पाणी आहे, चरबी नव्हे. दोन दिवसांत उतरतं. बायकांना पाळीच्या आधी असंच होतं. म्हणून सात दिवसांच्या वजनांची बेरीज करून सातने भागायचं, आणि पहिल्या आठवड्याची सरासरी तिसऱ्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहायची. ती तेवढीच राहिली, तर तुम्ही जे खाल्लंत तीच तुमची गरज. सूत्र काही म्हणो, तक्ता काही म्हणो.

अडचण एकच: ‘जे खाल्लंत’ ते कळणं. ही अडचण लहान नाही. १९९२ साली न्यूयॉर्कच्या काही डॉक्टरांनी, ‘आम्ही अगदी थोडं खातो तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या थोड्या माणसांची नेमक्या पद्धतीने तपासणी केली. त्यांच्या शरीरांत काही बिघाड निघाला नाही. त्यांनी खाल्लेल्यापैकी जवळजवळ निम्मं वहीत उतरलंच नव्हतं. आणि श्रम मात्र दीडपट लिहिले गेले होते. ही माणसं खोटारडी नव्हती. हात लावता लावता खाल्लेलं, चाखून बघितलेलं, पोराने टाकलं म्हणून संपवलेलं हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

ह्याला आपल्या घरांत एक चांगला उपाय आहे. ताट मोजण्याऐवजी डबा मोजायचा. महिन्याला घरात तेल किती येतं ते वाण्याच्या यादीवर असतंच. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३० ग्रॅम झालं, म्हणजे २७० उष्मांक. ‘आमच्याकडे तेलकट खात नाहीत’ असं सांगणाऱ्या घरांतही यादी पाहिली की हाच आकडा निघतो. साखरेचंही तसंच, चहाचा एक चमचा म्हणजे २० उष्मांक, आणि दिवसातून तीन चहा दोन-दोन चमच्यांचे घेतले तर १२०. तांदूळ एक किलो म्हणजे साधारण ३५०० उष्मांक. भात असो, भाकरी असो, घावन असो, तांदूळ तोच. नारळ हा तर किनाऱ्याचा जीवच, पण तो बहुतांशी स्निग्ध आहे हे विसरून चालत नाही. एका मध्यम नारळाच्या खोबऱ्यात आठशे-नऊशे उष्मांक निघतात. रोज एक नारळ वाटणाला आणि चार माणसं जेवायला, म्हणजे माणशी दोनशे, ते ‘भाजी-आमटी’ ह्या नावाखाली गुपचूप पोटात जातात. शहाळ्याचं पाणी मात्र निराळं. पेलाभर पाण्यात पन्नास-साठच असतात.

मासळीच्या बाबतीत आपल्या किनाऱ्याचं नशीब चांगलं. साध्या ताज्या मासळीच्या १०० ग्रॅम मांसात शंभराच्या आसपास उष्मांक आणि अठरा-वीस ग्रॅम प्रथिनं असतात. ओल्या बोंबलात तर बहुतेक पाणीच. कालवणातली मासळी सहसा कुणाला जाड करीत नाही. रवा लावून तव्यावर तेल सोडून तळलेली तुकडी मात्र तळताना जे तेल पिते ते हिशेबात धरावं लागतं. वजन उतरवणाऱ्याने मासळी, वाल, डाळ, अंडं ह्यांना हात लावू नये. प्रथिनं कमी केली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि मग गरज आणखी खाली येते. उपवासाच्या दिवशी ‘काही खाल्लंच नाही’ म्हणून साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यांना काय सांगावं! साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि तूप. एका भरल्या बशीत चारशे-पाचशे सहज.

आता वजाबाकी. एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक साठलेले असतात. मुरुडच्या बाईंची गरज तीन आठवड्यांच्या वहीतूनही १७०० च्याच आसपास निघाली असं धरू. त्यांनी रोज ४०० कमी केले तर महिन्याला १२००० होतात, म्हणजे कागदावर दीड किलो. प्रत्यक्षात पुढेपुढे थोडं कमीच उतरतं, कारण अंग हलकं झालं की त्याचा खर्चही कमी होतो. हे चारशे कुठून काढायचे? चहातली साखर निम्मी केली, ६० गेले. तेल तिसाचं वीस ग्रॅमवर आणलं, ९०. रात्रीचा भात सोडून एक भाकरी ठेवली, त्यात पन्नास ग्रॅम तांदूळ वाचला तर १७५. दुपारी चहाबरोबरचा फरसाणाचा बकाणा निम्मा केला की उरलेले सत्तर-ऐंशी. कुठेही उपाशी राहावं लागलं नाही, वेगळा स्वयंपाक करावा लागला नाही. नुसतं चालण्यावर भिस्त ठेवणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की साठ किलोच्या माणसाला एक किलोमीटर चालायला जेमतेम चाळीस-पन्नास उष्मांक लागतात. वरसोलीच्या वाळूत पाच किलोमीटर चालून आलं आणि येताना एक वडापाव खाल्ला, की जमाखर्च बरोबर. चालावं, रक्तातली साखर आणि हृदय ह्यांच्यासाठी जरूर चालावं; वजनासाठी मात्र आधी ताटाकडे बघावं.

‘चाळिशी उलटली, आता शरीरच मंदावलं’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. २०२१ साली सायन्स ह्या नियतकालिकात अनेक देशांतल्या हजारो माणसांच्या मोजणीचा अभ्यास आला. त्यात असं दिसलं, की शरीराच्या आकारमानाच्या मानाने उष्मांकांचा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ तेवढाच राहतो. खरी उतरण साठीनंतर लागते. चाळिशीत मंदावतं ते बहुधा चालणं-फिरणं.

घाई करू नये, हे सांगायला एक जुना प्रयोग पुरेसा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज ह्यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, चोवीस आठवडे निम्म्या अन्नावर ठेवलं. रोजचे सरासरी १५७० उष्मांक. वजन चौथ्या हिश्श्याने उतरलं. पण त्याबरोबर अंगाचा मूलभूत खर्च वजन घटल्याच्या मानानेही अधिक खाली गेला, थंडी वाजू लागली, कामात मन लागेना, आणि ह्या तरुणांना दिवसरात्र अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना. लक्षात घ्या, १५७० हा आकडा आजच्या पुष्कळ ‘झटपट’ आहारांपेक्षा मोठा आहे. डॉक्टरांच्या देखरेखीवाचून स्त्रीने १२०० च्या आणि पुरुषाने १५०० च्या खाली जाऊ नये, असं म्हणतात ते उगीच नव्हे.

आणि ही वजाबाकी घरातल्या सगळ्यांना लावायची नसते. पोटुशी बाईला नेहमीपेक्षा रोज ३५० उष्मांक जास्त लागतात; अंगावर पाजणारीला पहिले सहा महिने ६०० जास्त, पुढचे सहा महिने ५२०. वाढत्या मुलांना तर हिशेबाची वही दाखवूच नये. क्षयाचं औषध चालू असलेला माणूस, खंगत चाललेले म्हातारे आईबाप, ह्यांचं ताट भरलेलंच हवं. मधुमेहाच्या ज्या रोग्याला इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्याने जेवण एकाएकी कमी केलं तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. त्याने आधी डॉक्टरांकडून औषधाचं प्रमाण बदलून घ्यावं आणि मगच भाताला हात घालावा. आणखी एक. डब्यावरून काढलेला माणशी आकडा घरात सारखा वाटला जातो असं समजू नका. शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला पुष्कळ घरांत भात भरपूर येतो, कारण तो उरतो, आणि मासळीची तुकडी येत नाही, कारण ती संपते. तिचं वजन वाढलेलं असतं आणि अंगात रक्त कमी असतं. तिला नुसतं ‘कमी खा’ म्हणणं हा अन्याय आहे. तिचा भात एक मूठ कमी व्हावा आणि तुकडी आधी वेगळी काढून ठेवावी.

चारेक महिन्यांनी मुरुडच्या बाई ६८ वरून ६३ किलोवर आल्या असं समजू. आता जुना १७०० चा आकडा त्यांचा राहिला नाही. पाच किलो कमी झाले म्हणजे सूत्रातले ५० गेले, आणि १.४ ने गुणल्यावर ७०. शिवाय शरीर थोडं काटकसरीला लागलेलं असतं, ते वेगळं. म्हणजे आता गरज १६०० च्या जवळपास. आणि १३०० खाऊन पूर्वीइतकं उतरणार नाही. ह्याचा अर्थ आणखी कपात करा असा नव्हे. आधी दोन-तीन आठवडे आहे ते वजन टिकवून पाहावं, वही पुन्हा काढावी, सात दिवसांची सरासरी पुन्हा घ्यावी, आणि पुढची वजाबाकी त्या नव्या आकड्यातून करावी.